तुझा शनिवार, आमचा रविवार

बुकित तिमाह, सिंगापूर
१८ ऑगस्ट २०१३

रुचिर,

पत्राची सुरुवात आशीर्वादानं करायची असते. ते आहेतच, तुझ्या येण्या-न येण्यावर अवलंबून नाहीत. पण आज लिहायला हात होत नाही, म्हणून लिहिलेत असं धरून चाल.

काल तुझं विमान होतं. येणार नाही असं तू ईमेलमध्ये चार ओळींत कळवलं होतंस, तरी मी आणि जाई चांगी विमानतळावर जाऊन उभ्या राहिलो. जाई सारखी म्हणत होती, "आई, ही सेड नॉट कमिंग, लाह." मी म्हटलं, माणूस रागात काहीही लिहितो. लोक ट्रॉल्या ढकलत बाहेर आले, कुणाकुणाला मिठ्या मारून गेले. शेवटी विमानातल्या मुली आपापल्या छोट्या बॅगा ओढत बाहेर पडल्या, तेव्हा जाईनं माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. बाबा जेवायला बसले, आमटीत मीठ कमी आहे म्हणाले, उठले.

ईमेलला तू उत्तर देत नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. शाळेत तुला हिंदी होतं, त्यामुळे अक्षरं लागतील. शब्द अडला तर मोठ्यानं वाच, कानाला कळेल.

सुट्टीतला कोर्स म्हणून अमेरिकेला गेलास. गाड्यांचं इंजिनिअरिंग शिकवतात, ऑगस्टमध्ये परत, असं सांगून गेलास. आता तिथल्याच कॉलेजात नाव घातलं आहेस आणि कुणा रेसच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या शेडमध्ये राहतोस, हे मला जाईकडून कळतं. हॉरेस प्रूइट. मी इंटरनेटवर नाव शोधलं. एकच जुना फोटो मिळाला. धुळीनं माखलेला पोरगा, कपाळावर गॉगल, मागे एक साधी घरगुती मोटार, आणि तिचं दार उघडू नये म्हणून कमरेच्या पट्ट्यानं बांधलेलं. ह्याच्यासाठी घर सोडलंस?

तुला लहानपणी क्रांजीला गो-कार्ट चालवायला बाबाच न्यायचे. मरीना बेच्या रस्त्यांवर रात्रीची रेस असली की सगळं शहर तिकडे बघायचं, आणि तू म्हणायचास, ती तर विमानं आहेत, मला गाडीसारखी दिसणारी गाडी पाहिजे. आम्ही हसायचो. अमेरिकेत तसल्याच गाड्यांच्या रेसेस असतात, साध्या मोटारीचं रूप आणि आत राक्षस, हे तू कधी शोधून काढलंस कोण जाणे.

पण रुचिर, पुढच्या वर्षी तुझं नॅशनल सर्व्हिस आहे. आपला पासपोर्ट भारताचा असला तरी आपण इथले पीआर, कायमचे रहिवासी आहोत, आणि इथे वाढलेल्या मुलाला दोन वर्षं वर्दी घालावीच लागते. तुझी मेडिकल झाली आहे. बोलावणं आल्यावर हजर झाला नाहीस तर तो गुन्हा होतो, आणि मग ह्या देशात पाऊल ठेवलंस की अटक. तू म्हणशील, विशीच्या आत जो ड्रायव्हर घडत नाही तो घडतच नाही. असेल. मला त्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं की एक दार आहे, ते अजून उघडं आहे, आणि ते लागलं तर मला किंवा बाबांना ते उघडता येणार नाही.

घरी ये.

आई


२ मार्च २०१४

रुचिर,

तुझी तारीख होऊन गेली.

परवा सर्व्हिसच्या खात्यातले दोघं जण घरी आले होते. साध्या कपड्यांत, अगदी सभ्य. बूट दाराबाहेर काढले. त्यातला एक तुझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. मी चहा विचारला, नको म्हणाले, पाणी घेतलं. मुलगा कुठे आहे, शेवटचं बोलणं कधी झालं, असं विचारत होते. मी काही बोलायच्या आत बाबांनी तुझा पत्ता लिहून त्यांच्या हातात दिला.

ते गेल्यावर मी म्हटलं, "तुम्ही पत्ता दिलात?"

"मग काय, माहीत नाही म्हणू?"

"बाप आहात तुम्ही त्याचे."

"शैला, ह्या देशात मी एक सुटकेस घेऊन आलो होतो. मुलांच्या शाळा इथे झाल्या. ह्यांच्या तोंडावर मी खोटं बोलणार नाही." मग म्हणाले, "आणि पत्ता घेऊन ते काय तिथे जाणार आहेत? ते वाट बघणार. तो येईपर्यंत."

तुला राग येईल. मलाही आला. पण चिडायचं कुणावर तेच कळेना.

मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले होते. तुझा मित्र रोहन, त्याचं बेसिक ट्रेनिंग संपलं. त्याची आई अनघा सगळ्यांना फोनवर परेडचे फोटो दाखवत होती. पोराची कानशिलं उन्हानं सोलली आहेत. मी छान म्हटलं. तिनं फोन ठेवला आणि हळूच म्हणाली, "शैला, माझा चिखलात रांगतोय, तुझा गाड्या उडवतोय. आपण दोघींनी एका चटईवर कसं बसायचं, तूच सांग." तिच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मी वाण घेतलं आणि घरी आले.

ऑगस्टमध्ये घरी ये लिहिलं होतं. आता लिहिते, येऊ नकोस. निदान आत्ता नको. दोन्ही पत्रांत अक्षर माझंच आहे.

जाईनं तुझ्या पहिल्या रेसचा फोटो दाखवला. शेवटून दुसरा आलास म्हणे. दारावरचा सतरा आकडा तूच रंगवलास का? सात वाकडा आलाय.

आई


७ जुलै २०१५

रुचिर,

डॉक्टरांनी तुला फोन बघायला बंदी केली आहे असं मि. प्रूइट म्हणाले. हेही आत्ता वाचू नकोस. डोकं दुखायचं थांबलं की वाच.

तुझी शनिवार संध्याकाळ असते तेव्हा आमची रविवार सकाळ. आता वर्षभर आमचं हेच चालू आहे, तुला जाईनं सांगितलं असेल. ट्रॅकवाले इंटरनेटवर रेस दाखवतात, जाई डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडते, मी समोर लसूण सोलत बसते. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचतात. दार पूर्ण लावत नाहीत. एकदा मी पाणी द्यायला गेले तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "किती राहिले?" मी म्हटलं, "दहा-बारा फेरे असतील." पान उलटलं. बस्स.

परवा तू चौथा होतास. निळी सतरा, मला आता लांबूनही ओळखू येते. इतक्या छोट्या रिंगणात इतक्या गाड्या, सगळ्या डावीकडेच वळणार, एकीचं नाक दुसरीच्या शेपटीला. पुढच्या पांढऱ्या गाडीची मागची बाजू सरकली. तुला जायला जागाच नव्हती. तुझी गाडी भिंतीवर चढली, उलटी झाली, टपावर घसरत गेली. खालून ठिणग्या. आणि चित्र थांबलं.

पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. जाई बटणं बडवत होती. "कम ऑन, कम ऑन." मी उभी राहिले होते वाटतं, मांडीतला लसूण सगळा खाली. मागून आवाज आला, "राउटर बंद करून चालू कर."

बाबा मागे कधीपासून उभे होते मला माहीत नाही. जाईला सुचेना, तर तेच अनवाणी धावले आणि टीव्हीमागची वायर ओढून परत लावली. त्या डबीचे दिवे एकेक करून लागतात ना, ते आम्ही तिघं बघत होतो. पहिला, दुसरा. तिसरा लागायला किती वेळ लावतो, रुचिर. चित्र आलं तेव्हा टायरची जाहिरात चालू होती.

मग फोन वाजला. प्रूइट. त्यांचं इंग्रजी मला अर्धंच कळतं, पण हे कळलं. "मॅम, तो श्वास घेतोय. शिव्याही देतोय. खांदा गेलाय, डोक्याला मार आहे. पण शिव्या देतोय."

बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला. दोन वर्षांत तुझ्या बाजूचं कुणी त्यांच्या कानाशी आलं नव्हतं. "त्याला सांगा की..." म्हणाले. प्रूइट तिकडून "यस सर, यस सर," करत थांबले. बाबांनी फोन मला परत दिला आणि आंघोळीला गेले. खूप वेळ नळ चालू होता.

मी तिकडे यायचं म्हणते. व्हिसाची मुलाखत पुढच्या महिन्यात मिळते आहे. प्रूइट म्हणाले, "मॅम, तुम्ही या, जरूर या. पण तोवर तो परत गाडीत बसलेला असेल."

बसू नकोस, असं लिहिणार होते. लिहून काय होणार.

आई


११ ऑक्टोबर २०१५

रुचिर,

मला आलेली बघून तू घाबरलास, ते मला दिसत होतं. मी त्या शेडच्या पायरीवर बसून तुझ्यासाठी पोळ्यांचं पीठ मळलं, रडले नाही, आणि परत आले. तुझा खांदा वर होत नाही. होतो म्हणून तू दाखवलास, तो मी धरून बघितला आहे.

तू कॉलेजात असताना मी मि. प्रूइटशी बोलले. स्वच्छ सांगितलं, "तुम्ही त्याला थांबवा. तुमचं तो ऐकतो."

ते हसले. मग त्यांनी त्यांची सगळी हकीकत सांगितली. तुला ती तुकड्या-तुकड्यांत माहीत असेल. मला सलग मिळाली.

एकोणीसशे एकावन्नात ते एकोणीस वर्षांचे होते. दुधाची गाडी चालवायचे. कच्च्या रस्त्यांवरून, पहाटे, बाटली फुटू न देता वेगानं जायचं, ह्यातच हात तयार झाला. पहिली रेस घरच्या काळ्या मोटारीतून. मागची सीट काढली, दिव्यांना चिकटपट्ट्या लावल्या, दार पट्ट्यानं बांधलं. त्याच गाडीतून गेले, तिच्यातूनच रेस केली, तिच्यातूनच घरी आले. रविवारी घरचे सगळे त्याच गाडीतून चर्चला, आणि चेपलेली बाजू दिसू नये म्हणून ह्यांनी ती भिंतीला लागून उभी केली. वडलांना कळलंच. त्यांनी किल्ली काढून घेतली. "मग मी किल्लीवाचून गाडी सुरू करायला शिकलो, मॅम."

लोक त्यांना मिल्कमन म्हणायचे. मातीचे ट्रॅक, कुंपण म्हणून लाकडाच्या फळ्या. चौथ्या वर्षी पहिली रेस जिंकले. मग जिंकतच गेले. दोन-तीन वर्षं त्या भागात त्यांच्यापुढे कुणी गेलं नाही. त्यांची आई कधी बघायला गेली नाही. शनिवारी ती घरातल्या सगळ्या चादरी धुवायला काढायची, मळलेल्या असोत नसोत.

मग एका ट्रॅकवर धूळ इतकी उठली की स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना. त्या धुळीत एक गाडी बंद पडून उभी होती. हे तिच्यावर आदळले. आत लिरॉय म्हणून त्यांचा मित्र होता. तो गेला.

मी विचारलं, "मग सोडलंत?"

"नाही मॅम. पुढच्या शनिवारी गेलो."

"कसे गेलात?"

"दुसरं काय करायचं शनिवारचं, ते माहीत नव्हतं."

त्यानंतर कधीतरी एक खडा उडून त्यांचा उजवा डोळा गेला. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही. सगळी वळणं डावीकडे, डावा डोळा शाबूत, म्हणून दोन हंगाम एका डोळ्यानं रेस केली आणि त्यातही जिंकले. बायकोला कळलं ते ह्यांना सुई ओवता येईना तेव्हा. ती सामान बांधायला लागली. तेव्हा सोडलं. पुढे चाळीस वर्षं लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या. आता त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. एका सिंगापूरच्या मुलाला कसं सापडलं, ह्याचं त्यांना अजून नवल वाटतं.

शेवटी म्हणाले, "मी त्याला गाडी व्यवस्थित बांधून देतो. पट्टे स्वतः आवळतो. त्यापलीकडे मला काही येत नाही, मॅम."

मला वाटलं होतं, निदान तिथे कुणीतरी आहे ज्याच्या हातात काही आहे.

आई


१५ मे २०१६

रुचिर,

घाईत लिहिते आहे. बाबा पुण्याला आत्याकडे गेले आहेत, बरेच दिवस राहतील. म्हणून फोनवर मी एकटीच असते, आणि म्हणून तू रविवारी व्हिडिओ कॉल लावलास तर कधी उचलला जात नाही. बँकेतून मी थोडी रजा घेतली आहे, उगीचच, साठली होती म्हणून. इथे ईस्ट कोस्टला समुद्रावर फिरायला जाते. जाईची परीक्षा आहे, तिला फार मेसेज करू नकोस.

नव्या टीमच्या मालकाला तू आवडलास हे फार चांगलं झालं. मोठे ट्रॅक म्हणजे भिंतीही मोठ्या असतील. जपून.

आई


९ ऑगस्ट २०१६

रुचिर,

जाईनं सांगितलं तुला. तिच्यावर मी ओरडले आणि मग दोघी मिळून रडलो.

होय, पुणं खोटं होतं. बाबा ऑफिसला निघाले होते. ब्योना व्हिस्टाला स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर त्यांची बॅग सुटली, आणि मागोमाग तेच. कुणा अनोळखी बाईनं डोकं मांडीवर घेतलं, रुग्णवाहिका बोलावली. मी पोचले तेव्हा त्यांचा चष्मा तिच्या हातात होता. उजवी बाजू गेली आहे. चालणं थोडं थोडं येईल म्हणतात. वाचा गेली. समजतं सगळं. डोळ्यांत दिसतं की समजतंय, आणि तोंडातून काही येत नाही.

जूनमध्ये तू जिंकलास, ती रेस मी त्यांच्या पलंगासमोर लावली होती. तू गाडीच्या खिडकीतून बाहेर आलास आणि टपावर उभा राहिलास, तेव्हा त्यांनी डावा हात उचलला. काय म्हणायचं होतं मला कळलं नाही. टाळी एका हातानं वाजत नाही.

तुला का कळवलं नाही? तू येशील म्हणून.

वकिलांकडे जाऊन आले. श्रीनिवास नाव आहे, चेन्नईचे, भला माणूस. ते म्हणाले, आला तर विमानतळावरच पकडतील. जामीन बहुधा मिळेल, पण पासपोर्ट ठेवून घेतील. मग खटला, मग काही महिने तुरुंग, आणि बाहेर आल्यावर दोन वर्षं सर्व्हिस आहेच. अमेरिकेचा व्हिसा पुन्हा मिळेल का, विचारलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "मॅडम, आशा ठेवू नका." म्हणजे तू आलास तर गाडी संपली. वडील आजारी आहेत म्हणून काही होतं का, तेही विचारलं. कोर्ट ऐकून घेतं, म्हणाले.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, जस्ट टेल मी. येऊ का नको?"

मी म्हटलं, कुकर लावायचाय, आणि फोन ठेवला. कुकर लावायचा नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. ये म्हटलं तर तुझं आयुष्य मी माझ्या हातानं मोडलं. येऊ नको म्हटलं, आणि उद्या बाबांचं काही झालं, तर तू मला आयुष्यभर काही बोलणार नाहीस, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट. तू एकवीसचाही नाहीस. असला प्रश्न तुला पडायला नको होता. मलाही उत्तर येत नाही. कुणाला विचारू? ज्यांना विचारत आले, त्यांची वाचा गेली आहे.

बाबांना विचारलं होतं, खरं सांगते. "रुचिरला बोलवू का?" त्यांनी डोळे मिटून घेतले. हो म्हणून मिटले की नाही म्हणून, कसं सांगू.

आई


२२ जानेवारी २०१७

रुचिर,

हे पोचेल तेव्हा तू निघालेला असशील. तरी लिहिते, कारण दुसरं काही करता येत नाही.

तू तिकीट काढलंस हे मि. प्रूइटनी सांगितलं. मी विचारलं, "तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"जा म्हणालो. मग जाऊ नको म्हणालो. त्यानं पहिलं ऐकलं होतं, तेवढ्यावर तो बॅग भरायला गेला."

पुढच्या हंगामाची मोठी गाडी तयार झाली आहे म्हणे, तुझ्या मापाची सीट बसवून. त्यांनी ते दोनदा सांगितलं.

मी विमानतळावर येणार नाही असं ठरवलं आहे. पोलिसांबरोबर जाताना तुला बघायचं नाही मला. जाईला सांगितलंय, श्रीनिवासांना घेऊन जा. ही ओळ लिहून झाली, आणि मला माहीत आहे, मी येणार.

आई


१८ फेब्रुवारी २०१८

रुचिर,

ह्या पत्राला तिकीट इथलंच लागलं. चांगीचा तुरुंग आपल्या घरापासून टॅक्सीनं असा किती लांब, आणि पत्र मात्र अमेरिकेला जायचं तेवढेच दिवस घेतं. आधी कुणीतरी उघडून वाचतं. मराठी वाचणारा त्यांना शोधावा लागत असेल. त्याला माझा नमस्कार.

तू गेल्यापासून घर फार मोठं झालं आहे. जामिनावर होतास ते वर्ष कसं गेलं मला कळलं नाही. सकाळी तू बाबांचा उजवा हात धरून वर-खाली करायचास आणि आकडे मोजायचास, मी आतून ऐकायची. त्यांची दाढी तूच करायचास. तुझ्या त्या वर न होणाऱ्या खांद्यावर ते डावा हात टाकून बाथरूमपर्यंत जायचे. दोघांपैकी कोण कुणाला धरून चाललंय, सांगता यायचं नाही. कोर्टात न्यायाधीशांनी सगळं ऐकून घेतलं, बाबांचंही, आणि मग महिन्यांचा आकडा सांगितला. रोहनची आई अनघा त्या दिवशी कोर्टाबाहेर येऊन बसली होती. डबा देऊन गेली.

मि. प्रूइटचा फोन आला होता. तुझी गाडी मालकानं दुसऱ्या मुलाला दिली आहे. चांगला आहे म्हणे तो, पण वळणात लवकर ब्रेक मारतो. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी म्हातारा झाला होता. सतरा आकडा पुसायचा होता, तो त्यांनी पुसला नाही, मालकाच्या माणसानं पुसला. तू बाहेर येशील, मग दोन वर्षं वर्दी, तोवर तू पंचविशीला येशील. ते म्हणाले, "पंचवीस म्हणजे काहीच नाही, मॅम." मी हो म्हटलं. आम्ही दोघंही खोटं बोलत होतो, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

आता गुरुवारचं लिहिते. तू आत निघून गेलास त्याच्या पुढचं, तुला न दिसलेलं.

काचेतून तू दिसलास तेव्हा तुझे भादरलेले केस बघून मला धक्का बसला, तो मी लपवला. फोन एकच होता. मी म्हटलं, बाबांनाच धरू दे. त्यांनी डाव्या हातानं रिसीव्हर कानाला लावला. तू पलीकडून बोलत होतास, मला ऐकू येत नव्हतं, ओठ तेवढे दिसत होते. मध्येच तू हातानं स्टिअरिंग धरल्यासारखं केलंस, म्हणजे रेसचं काहीतरी सांगत असशील. त्यांच्या तोंडातून नेहमीचेच ते आवाज येत होते, घोगरे, तुटलेले. तू प्रत्येक आवाजाला मान हलवत होतास, जणू सगळं कळतंय. मग तुझ्या मागे तो साहेब आला, वेळ संपली. लाइन बंद झाली. तू रिसीव्हर जागेवर ठेवलास, आमच्याकडे बघून हसलास, वळलास आणि दारातून आत गेलास.

दार लागलं. मी बाबांची चाकांची खुर्ची वळवायला वाकले. बाबा रिसीव्हर सोडेनात.

त्यांचं तोंड हलत होतं. मान ताठ झाली होती, कपाळाची शीर उभी. मला वाटलं, पुन्हा झटका येतोय. मी हाक मारणार एवढ्यात ते बोलले. स्पष्ट बोलले, रुचिर. वीस-एक महिन्यांत पहिला शब्द.

"चल," म्हणाले. मग परत, "चल, रुचिर."

काचेपलीकडे तुझी रिकामी खुर्ची होती. रिसीव्हर कानाला घट्ट, आणि त्यात काहीच नव्हतं. आमच्या बाजूचा साहेब, मलय मुलगा, जवळ आला होता. तो थांबला. पाठ फिरवून उभा राहिला. मी म्हटलं, "अहो, लाइन बंद झालीय. तो आत गेला." ते माझ्याकडे बघेनात. काचेकडेच बघून पुन्हा म्हणाले.

तुला हाक मारून बोलवावं तर काच. त्यांना समजवावं तर त्यांना सगळं समजतं. मी त्यांची बोटं एकेक करून रिसीव्हरवरून सोडवली. करंगळी आधी, अंगठा शेवटी. फार जोर होता हातात.

घरी आल्यापासून ते पुन्हा गप्प आहेत. बोलणं शिकवणारी बाई आली होती, तिनं खूप प्रयत्न केले, नाही आला तो शब्द. पुन्हा येईल, न येईल. तुला ऐकू गेला नाही, म्हणून लिहून पाठवते आहे.

आई